दर चौथ्या दिवशी एकशे सदतीस

"काम काय करता हो तुम्ही?" असं कुणी विचारलं की कालिपा एजे, म्हणजे कालिपाताई, सांगायची, "उद्या नदीला पाणी किती येईल ते सांगते." मग स्वतःच हसायची. "म्हणजे सांगतो प्रोग्रॅम. मी आपली तो धड उठला का, धड संपला का एवढंच बघते."

नारीन शहरातल्या नदी-मोजणीच्या कचेरीत ती अठरा वर्षं हे बघत आली होती. त्याआधी बारा वर्षं बाजारात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता विकल्या. आणि त्याच्याही आधी, राजधानी फ्रुंझेला बिश्केक म्हणायला लागण्यापूर्वी, तिथल्या गणन केंद्रात खोलीभर पसरलेल्या यंत्रांपुढे पांढरा डगला घालून बसायची. देश बदलला, केंद्राला कुलूप लागलं, डगला आईनं कापून उशांचे अभ्रे शिवले. कालिपा गावी परतली आणि बाजारात उभी राहिली. रडत बसली नाही. सपाता चांगल्या असायच्या आणि गिऱ्हाइकाला पाय बघून माप सांगायची तिची नजर पक्की होती.

तिला तिथून उचलून आणलं ते साग्यनबेक बाइकेनं, म्हणजे साग्यनबेकदादानं. हा नदीत उतरणारा माणूस. कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून, बर्फाच्या कडेनं पाण्यात शिरून, वेग आणि खोली मोजायची हे त्याचं काम. परदेशी मदतीतून कचेरीत युनिक्सचं मशीन आलं तेव्हा ते दोन महिने कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं, कारण सगळी माहिती इंग्रजीत. साग्यनबेक एक दिवस थेट तिच्या गाळ्यापुढं येऊन उभा राहिला.

"सपाता दाखवू?"

"सपाता राहू देत. तू पूर्वी मशीनवर होतीस ना? आमच्याकडे एक आलंय. कुणाशी बोलतच नाही."

दोन शब्दकोश घेऊन ती त्या मशीनपुढं बसली. काळी खिडकी, तिच्यात हुकूम टाइप करायचा, खिडकी तो पुढं पोचवणार आणि काम संपलं की निरोप देणार. त्या खिडकीला शेल म्हणतात, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्याच हिवाळ्यात एक काम मध्येच थांबलं आणि खिडकीत एकच शब्द उमटला. तिनं शब्दकोश उघडला. "ठार केले." कालिपा खुर्ची सरकवून उठली आणि तडक साग्यनबेककडे गेली.

"बाइके, मशीननं कुणाला तरी मारलंय."

"कुणाला?"

"नाव नाही लिहिलं. नुसता नंबर आहे."

साग्यनबेक खरोखरच काठी घेऊन आला होता. ही गोष्ट कचेरीत पुढं कित्येक वर्षं चहाबरोबर सांगितली गेली, आणि दर वेळी त्या काठीची लांबी वाढत गेली.

पण त्या शब्दाचा तिनं पाठपुरावा केला. कुठलाही प्रोग्रॅम संपताना शेलच्या हातात एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक. एक, दोन, तीन असले छोटे आकडे म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच सांगतोय की मला फाइल सापडली नाही, माझं हे चुकलं. पण बाहेरून कुणी इशारा देऊन त्याला संपवलं, तर त्याला बोलायला तोंडच उरत नाही. मग शेल त्याच्या वतीनं बोलतं. इशाऱ्याचा नंबर घेतं, त्यात एकशे अठ्ठावीस मिळवतं आणि तो आकडा पुढं करतं. पंधरा नंबरचा इशारा म्हणजे 'आवर आता', म्हणून एकशे त्रेचाळीस. दुसऱ्याच्या जागेत हात घातला म्हणून धक्के मारून हाकलला, तो अकरा नंबर, म्हणून एकशे एकोणचाळीस. आणि नऊ नंबर म्हणजे आवरायलाही वेळ नाही, जागच्या जागी खलास. एकशे सदतीस. हे तिला कुणी शिकवलं नाही. मुद्दाम छोटे छोटे प्रोग्रॅम चालवून, ते वेगवेगळ्या तऱ्हांनी मारून, आकडे बघून ती शिकली.

नदीचं गणित करणारा प्रोग्रॅम व्हालेंतिन गेरासिमोविच नावाच्या म्हाताऱ्या जलशास्त्रज्ञानं लिहिला होता. समाराला मुलाकडे कायमचं जाण्यापूर्वी त्यानं तो कालिपाच्या हवाली केला. वरच्या खोऱ्यातला बर्फ, हवेचा पारा आणि सकाळी आठची पाण्याची पातळी त्यात भरायची. पावणेदहाला तो सुरू व्हायचा, चाळीस मिनिटं राबायचा आणि उद्याच्या पाण्याचा आकडा द्यायचा. खालच्या गावांतले पाटकरी त्या आकड्यावर कालव्याची दारं उघडायचे, मेंढपाळ कळप कधी पार करायचा ते ठरवायचे.

त्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता हा प्रोग्रॅम मधूनच थांबायला लागला. कालिपा लगेच हातानं पुन्हा सुरू करायची, अकराच्या आत आकडा मिळायचा. पण राजधानीला साडेदहाला अहवाल जायचा. त्या अहवालात दोनच रकाने: 'चालला' आणि 'बिघडला'. नोंदीत दर खेपेला पडणारा एकशे सदतीस तिथपर्यंत पोचतच नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला कचेरीचे प्रमुख मेदेरबेक यांनी तिला बोलावलं.

"कालिपा, वरून माणूस येतोय. म्हणतात, तुमचा प्रोग्रॅम म्हातारा झाला, सतत मरतो. तो काढून राजधानीतलाच आकडा सगळ्यांना वापरू द्या."

"राजधानीला काय माहीत आमच्या खोऱ्यात बर्फ किती पडला?"

"ते त्याला सांग. मला नको. आणि तू तरी शरद ऋतूत निवृत्तच होणार ना. कशाला जिवाला लावून घेतेस?"

ती परत मशीनपुढं जाऊन बसली. पण घरी जाऊन तिनं त्या दिवशी पीठ एवढं जोरात मळलं की शेजारीण विचारायला आली.

दहा एप्रिलला माणूस आला. तिलेक त्याचं नाव, अठ्ठावीस वर्षांचा, सडपातळ, नारीनच्या थंडीला न शोभणारे पातळ बूट. कालिपानं आधी त्याला शेगडीजवळ बसवलं, मलई घातलेला चहा दिला, बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, ताटली पुढं सरकवली. दोन घास पोटात गेल्यावर तो नोंदी बघायला बसला.

"एजे, हे तर सरळ आहे," तो म्हणाला. "एकशे सदतीस. म्हणजे मेमरी संपली. मशीनला जागा पुरेना की ते सगळ्यात मोठ्या प्रोग्रॅमचा बळी देतं. सगळीकडे हेच असतं."

"बाळा, एकशे सदतीस म्हणजे मेमरी संपली असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, पण असतं तसं."

"त्यातनं एकशे अठ्ठावीस काढ. किती राहिले?"

तो जरा हसला. "नऊ."

"नऊ नंबरनं मारलं, एवढंच शेल सांगतं. कशानं मारलं ते सांगितलं. कुणी मारलं ते नाही. प्रोग्रॅम मरतो असं तुम्ही लिहिता. मरणं वेगळं, मारणं वेगळं. आणि मेमरीपायी मशीननं मारलं असतं तर त्यानं स्वतःच्या दप्तरात तसं लिहून ठेवलं असतं. बघ तिथं."

तिलेकनं बघितलं. मशीनच्या दप्तरात त्या दिवसांची एक ओळही नव्हती. त्यानं मागचे दोन महिने चाळले. मग बोरसोकचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाला, "कदाचित प्रोग्रॅम स्वतःच एकशे सदतीस आकडा देऊन बाहेर पडत असेल. देता येतो तसा."

"येतो," कालिपा म्हणाली. तिला बरं वाटलं. प्रश्न चांगला होता. "मलाही ती शंका आली होती. म्हणून आख्खा प्रोग्रॅम वाचून काढला. म्हाताऱ्यानं शून्यापासून चारपर्यंतच आकडे वापरलेत. शिवाय आकड्याच्या वर शेलनं 'ठार केले' असं शब्दांतही लिहिलंय. स्वतः बाहेर पडला असता तर तो शब्द आला नसता."

तिलेकनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "एजे, तुम्ही हे शिकलात कुठं?"

"बाजारात," ती म्हणाली.

दुपारी दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. फेब्रुवारीची सत्तावीस. मार्चच्या तीन, सात, अकरा, पंधरा, एकोणीस. मग तेवीस, सत्तावीस, एकतीस. एप्रिलच्या चार आणि आठ. वेळ दर खेपेला दहा वाजून पाच ते पंधरा मिनिटं. तिलेकनं ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी तपासली. चार दिवसांनी होणारं एकही काम नव्हतं.

"मशीन असतं तर मिनिटही इकडचं तिकडं झालं नसतं," तो पुटपुटला. "हा माणूस आहे."

"हो," कालिपा म्हणाली. कचेरीत माणसं सात. सगळी तिच्या ओळखीची, आणि सगळे एकाच नावानं, एकाच पासवर्डनं मशीनमध्ये शिरायचे. खरं मशीन एकच, बाकी टेबलांवर नुसते पडदे. कुणीही मारू शकत होतं आणि कुणाचंही नाव उमटणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, अकरा तारखेला, सगळे जेवायला बसले होते. साग्यनबेकनं परतलेल्या मांसाचं कुरदाक आणलं होतं आणि तो खुशीत होता.

"घे रे तिलेक, मांस घे. या असल्या बुटांनी बिश्केकपर्यंत पोचायचंय तुला."

"बाइके, आज एवढे खूश का?" कालिपानं सहज विचारलं.

"उद्या फोन येणार! परीजातची आज ड्यूटी. एक दिवस-रात्र इस्पितळात, मग तीन दिवस घरी. उद्या सकाळी घरी आली की आधी मला फोन. नातीला शाळेत दुपारी जायचं असतं, म्हणून सकाळी दोघी घरी सापडतात. तिकडं नऊ, आपल्याकडं दहा."

कालिपाचा चमचा हवेतच राहिला. परीजात, साग्यनबेकची मुलगी, येकातेरिनबर्गला परिचारिका होती. फेब्रुवारीत तिला नवी नोकरी लागली होती, आणि त्या आनंदात साग्यनबेकनं सगळ्या कचेरीला खजूर वाटले होते. एक दिवस काम, तीन दिवस सुट्टी. दर चौथ्या दिवशी, दहा वाजता.

"काय झालं? तिखट लागलं?" साग्यनबेकनं विचारलं.

"नाही. चांगलं झालंय," ती म्हणाली आणि खाली मान घालून जेवली.

तिलेकला तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. माणसाचं नाव घेणं सोपं, मागं घेणं अवघड. आणि हा माणूस तिला सपातांच्या गाळ्यातून घेऊन आलेला. त्याची बायको गेली तेव्हा याच कालिपानं चाळीस दिवस त्याच्या घरी भाकरी पोचवली होती. मुद्दाम खोडी काढणाऱ्यांतला तो नव्हता. तरी काहीतरी होतं.

बारा तारखेला पावणेदहाला प्रोग्रॅम सुरू झाला. "तू इथंच बस," ती तिलेकला म्हणाली. "काही झालं तरी हात लावू नकोस. नुसतं बघ." आणि चहाची किटली घेऊन ती साग्यनबेकच्या खोलीत गेली.

पडद्यावर सहा-सात वर्षांची एक मुलगी तोंड उघडून हलणारा दात दाखवत होती. मागं परीजात, ड्यूटीवरून आलेली, डोळे तारवटलेले, पण हसतमुख. चित्र अडखळत होतं. मुलीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"ये कालिपा, बस. बघ माझी नात. दात दिसतोय का? थांब, परत अडकलं. एक मिनिट, गाडी हलकी करतो."

त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चित्रावर टिचकी मारली. चित्रात पळता घोडा होता. क्षणभरात मुलीचं तोंड मिटलं आणि आवाज खणखणीत आला, "आजोबा, ऐकू येतंय?"

"बाइके," कालिपानं हळूच विचारलं, "हे घोड्याचं काय आहे?"

"हे? तो आपला जुना तंत्रज्ञ होता ना, कोरियाला गेला तो. जाताना मला करून दिलं. म्हणाला, पडदा अडकला की घोडा दाब, गाडी हलकी होते. लाख माणूस!"

तेवढ्यात पाठीमागं दार आपटलं. तिलेक धापा टाकत उभा होता. "एजे! आत्ता! दहा वाजून आठ मिनिटांनी! ठार…" त्यानं साग्यनबेककडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि वाक्य गिळलं.

"हा कोण काका?" पडद्यावरच्या मुलीनं विचारलं.

"हा राजधानीहून आलाय," कालिपा म्हणाली. "त्याला दात दाखव."

तिनं दाखवला. तिलेकनं वाकून, अगदी गंभीरपणे बघितला आणि म्हणाला, "दोन दिवसांत पडेल."

फोन संपला. मग तिलेकनं घोड्याच्या चित्राआड काय आहे ते उघडून दाखवलं. एकच ओळ होती. मशीनवर या घडीला सगळ्यात जास्त राबणारा प्रोग्रॅम शोध आणि त्याला नऊ नंबर दे.

"पण सगळ्यात जास्त राबणारा कोण असतो?" साग्यनबेकनं विचारलं.

"दहा वाजता? नदीचा प्रोग्रॅम, बाइके."

साग्यनबेकनं पडदा बंद केला. कोपऱ्यात त्याचे रबरी बूट उभे होते, अजून ओले. सकाळी सातला तो नदीत होता. आठची पातळी त्यानंच आणून दिली होती.

"म्हणजे सकाळी बर्फात उभा राहून मीच मोजायचं," तो म्हणाला, "आणि दहा वाजता मीच त्याचा गळा घोटायचा."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत नसताना घोड्याच्या खुरात खिळा मारला, तरी लंगडतो तो घोडाच." तो उठला. "चल. मेदेरबेकला सांगतो."

"बाइके, नाव घ्यायची गरज नाही," तिलेक म्हणाला. "मी अहवालात लिहितो, जुनी सोय सापडली, काढून टाकली. तेवढं खरंच आहे."

"तुझं खरं तू लिही. माझं मी सांगतो."

आणि तो गेला. बंद दारामागून मेदेरबेकचा आवाज चढलेला ऐकू आला, मग साग्यनबेकचा खालचा आवाज, आणि शेवटी मेदेरबेकचं हसणं. बाहेर आला तेव्हा साग्यनबेकचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, दहा दिवस तुलाच अहवाल टाइप करायला लावतो. दोन बोटांनी. हीच शिक्षा."

दुपारभर कालिपा आणि तिलेक काम करत बसले. घोडा काढून टाकला नाही, कारण साग्यनबेकला तो आवडत होता. त्याच्या आतली ओळ मात्र पुसली. प्रोग्रॅमला सांगून ठेवलं, दुसऱ्या कुणाला मशीन हवं असेल तर तू वाट दे, तुझं मागाहून कर. आता त्याला चाळीसाऐवजी पन्नास मिनिटं लागणार होती, म्हणून तो साडेनऊलाच सुरू करायचं ठरलं. त्यासाठी साग्यनबेकला पातळी पाव तास आधी आणून द्यावी लागणार होती. "देतो," तो म्हणाला. "नदी काय, आठच्या आधीही असतेच तिथं." सातही जणांना वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे पासवर्ड दिले. मेदेरबेक स्वतःचा पासवर्ड संध्याकाळपर्यंत विसरले.

तिलेकनं अहवाल कालिपाला वाचून दाखवला. प्रोग्रॅम निर्दोष, चालू ठेवावा. आणि शेवटी एक ओळ त्यानं स्वतःच्या मनानं घातली होती: दोन रकान्यांचा तक्ता बदलावा, शेल देतं तो आकडा जसाच्या तसा वर पाठवावा.

"हे चांगलं केलंस," ती म्हणाली.

"एजे, अजून एक. वेगवेगळ्या जिल्ह्यांत अशी माणसं मशीनपुढं बसलेली आहेत. त्यांना कुणी हे शिकवलेलं नाही. मला पण नव्हतं. तुम्ही याल का शिकवायला?"

"मी? मी तर निवृत्त होतेय."

"म्हणूनच तर. वेळ असेल तुमच्याकडे."

त्याच्या पातळ बुटांकडे बघून तिनं विचारलं, "किती नंबर, एकेचाळीस?" तो चकित झाला. संध्याकाळी तो बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या पिशवीत एकेचाळीस नंबरच्या नमद्याच्या सपाता होत्या आणि वाटेसाठी कुरदाकचा डबा.

त्या वसंतात पाणी भरपूर आलं आणि बऱ्यापैकी शिस्तीत आलं. आकडा रोज साडेदहाच्या आत खाली पोचत राहिला. खालच्या गावातल्या पाटकऱ्यानं एकदा फोन करून सांगितलं, "एजे, मध्यंतरी तुमची नदी चार-चार दिवसांनी आळस करत होती, आता बरी आहे वाटतं." कालिपा म्हणाली, "हो, औषध लागू पडलं."

ऑक्टोबरमध्ये ती निवृत्त झाली. तीन आठवड्यांनी शिकवायला म्हणून ओश शहराच्या बसमध्ये बसली. वर्गात अकरा जणं होती. कुणी बातकेनहून आलेलं, कुणी तलासहून, दोघं तिच्याही वयाची. तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. प्रत्येकाला एकेक छोटा प्रोग्रॅम दिला आणि सांगितलं, "मारा. वेगवेगळ्या तऱ्हांनी मारा, आणि शेल काय म्हणतं ते ऐका." आधी सगळे बिचकले, मग खोलीत एकच गलका झाला. "माझा एकशे तीस!" "मी कंट्रोल दाबून सी दाबलं." "माझा मरतच नाही, एजे!" "नऊ दे त्याला, नऊ!"

बातकेनहून आलेली गोल चेहऱ्याची एक बाई हात वर करून म्हणाली, "एजे, माझ्याकडे एकशे एक्केचाळीस आलंय. मी तर कुणाला मारलंच नाही."

कालिपा तिच्या मागं जाऊन उभी राहिली. बाईनं एका प्रोग्रॅमचं बोलणं दुसऱ्याकडे वळवलं होतं, आणि दुसरा पहिल्या दहा ओळी घेऊन निघून गेला होता.

"एकशे अठ्ठावीस काढा."

"तेरा."

"तेरा नंबर म्हणजे बोलणारा बोलतोय आणि ऐकणारा उठून गेला. पुढं बोलून उपयोग नाही, म्हणून त्याला थांबवलं."

बाईनं ते वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या बाकावरचा तलासचा माणूस घड्याळाकडे बघून म्हणाला, "एजे, एक वाजला. खाली पुलाव निवतोय. आम्ही उठलो तर तुम्हाला तेरा नंबर लागेल का?"

सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं कालिपा. मग ती सगळ्यांच्या आधी जिन्याकडे निघाली.